कडूची सहा पाने

कडू गेल्याचे कळले त्या आषाढापासून मला भर दुपारी वर्गात एकट्याने बसवेनासे झाले. पश्चिमेच्या खिडकीखाली तिची जागा होती. मुले आपण होऊन तिथे बसत नसत; मी त्यांना तसे कधी सांगितले नव्हते. दुपारी मुले आडावर पाणी प्यायला गेली, की त्या बाजूने जाड कागदात काहीतरी टोचल्याचा आवाज येई. टच्, टच्, टच्. मग जरा थांबून पुन्हा टच्. मी मान वर केली की आवाज थांबे. तुळईतला भुंगा असेल, असे मी स्वतःला समजावी. पण भुंगा ओळ संपली म्हणून श्वास घ्यायला थांबत नाही.

सोनपेठेतल्या त्या लहानशा शाळेत मी रुजू झालो तेव्हा निजामाचे राज्य जाऊन सात वर्षे झाली होती आणि मी बावीस वर्षांचा होतो. माणसांशी बोलण्याचे मला लहानपणापासून भय वाटे. मुलांसमोर मी बोलू शकत असे. त्यांचे बाप दारात आले की माझे शब्द घशातल्या घशात राहत. त्या पावसाळ्यात येडबा नावाच्या धनगराचा कळप शाळेमागच्या माळावर उतरला होता. एके दिवशी एक मुलगा एकोणिसाच्या पाढ्यात अडला आणि खिडकीबाहेरून कुणीतरी उरलेला पाढा एका दमात म्हणून टाकला. मी बाहेर डोकावलो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. देवीच्या रोगाने तिच्या चेहऱ्यावर व्रण ठेवले होते आणि दोन्ही डोळे नेले होते.

"कोण तू?"

"कडू. येडबाची."

तिच्या आधीची तीन भावंडे जगली नव्हती. हिला तरी मृत्यूने गोड मानू नये म्हणून आईने, केवळाबाईने, तिचे नाव कडू ठेवले होते.

"पाढे कुठे शिकलीस?"

"हितंच. चार दिवस झाले ऐकायले. तुमची पोरं लय मठ्ठ हायेत, गुरुजी."

त्या रात्री मी मुंबईच्या एका अंधशाळेला पत्र लिहिले. कागदाशी मला बोलता येत असे. महिन्याभराने टपालाने एक पुडके आले. बिजागरीची पत्र्याची चौकट, तिच्यात चौकोनी खिडक्यांच्या ओळी, लाकडी मुठीची एक बोथट टोचणी, जाड पिवळसर कागद आणि देवनागरी अक्षरांपुढे ठिपके छापलेला एक तक्ता. चौकटीत कागद धरून मागच्या बाजूने ठिपके टोचायचे, तेही उजवीकडून डावीकडे. मग कागद उलटा केला की ते बोटांना डावीकडून उजवीकडे लागतात. माझे शालेय शिक्षण निजामाच्या काळातले, उर्दूतले. उजवीकडून लिहिताना माझा हात अडला नाही. अडलो ते शिकवताना. एका खिडकीत ठिपक्यांच्या सहा जागा, तीन डाव्या, तीन उजव्या, हे डोळे नसलेल्या मुलीला कसे सांगावे?

कडूने चौकट चाचपली आणि हसली.

"गुरुजी, ह्ये तर मेंढीचे दोन कान हायेत. डाव्या कानाला तीन कातरे, उजव्या कानाला तीन. कोणता हाय आन् कोणता न्हाई, तेवढंच बघायचं."

प्रत्येक धनगर आपल्या मेंढ्यांच्या कानांना आपापल्या खुणेचे कातरे देतो, हे मला तिने त्या दिवशी सांगितले. हरवलेली मेंढी कुणाची, हे ती कानाला बोट लावून ओळखत असे.

"बघायचं?" मी मूर्खासारखे विचारले.

"बोटानं बघायचं की. तुमाला डोळे हायेत, म्हून तुमाला कळंना."

दसऱ्यापर्यंत ती लिहू-वाचू लागली. तिच्या बोटांना ठिपके कळत; मला ते डोळ्यांनीच वाचावे लागत, कागद उजेडात तिरपा धरून. माझ्या हळू बोलण्याची ती फार थट्टा करी. "तुमचा आवाज कोकरावानी हाय, गुरुजी. लांडगा दारात आला तरी तुमी त्याला 'बसा' म्हणताल."

दिवाळीच्या सुमारास अंधशाळेचे दुसरे पत्र आले. येत्या जूनमध्ये मुलीला पाठवावे, राहण्या-जेवण्याची सोय होईल. मी ते कडूला वाचून दाखवले. तिने कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाली, "बाला तुमी सांगा. मी सांगितलं तर त्यो हसंल."

कार्तिकात कळप दूरच्या चराईला निघाला. आता गेलेली मुलगी पुढच्या पावसाळ्यापर्यंत परतणार नव्हती, म्हणजे जून हुकणार होता. तिला इथेच ठेवायला हवे होते. माझी घरमालकीण बायनाबाई तिला सांभाळायला तयार होती. मला एवढेच म्हणायचे होते: येडबा, पोरीला माझ्याकडे ठेव. पत्र सदऱ्याच्या खिशात होते. ओझ्याचे घोडे लादले गेले, कुत्री पुढे धावली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

"चल गं," येडबा ओरडला.

"थांब बा, पायात काटा मोडलाय."

कडू खाली बसली. टाच मांडीवर घेऊन बराच वेळ चोळत राहिली. येडबाने माझ्याकडे पाहून रामराम केला. मी रामराम केला. अखेर ती उठली.

"रोज एक पान लिहीत जा," मी तिला म्हणालो. त्या सकाळी माझ्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द.

पुढच्या आषाढात येडबा एकटाच शाळेच्या दारात आला. पत्र्याची चौकट उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "पुसाच्या महिन्यात पोरगी गेली. तापानं." मी चौकट उचलून घेतली. काही विचारायला तोंड उघडेपर्यंत तो पाठमोरा झाला होता.

केवळाबाई आली ती त्यानंतरच्या फाल्गुनात; कळप त्या वर्षी दूर न जाता नदीकाठीच राहिला होता. शाळेची पाटी बदलून तिच्यावर मुंबई राज्य असे लिहिले गेले होते आणि रंग अजून ओला वाटत होता. बाजारचा दिवस असल्याने मुलांना मी लवकर सोडले होते. उंच, वाळलेली बाई. लोकरीचे गाठोडे तिने दाराशी टाकले आणि कमरेची फडक्याची गुंडाळी काढली. तिच्यात पाने होती. सहा.

"कडूची आई मी. ही तिनं वाटंवर लिवलेली. तुमाला येतंय म्हणं वाचायला."

मी पहिले पान उजेडात धरले. त्यावर काहीच नव्हते. कागद तेलकट, हळदीने पिवळा आणि गुळगुळीत. ठिपके पार बसून गेले होते. एकेका ठिकाणी नुसती सावली उरली होती. तिरपे धरून, सरळ धरून, मी सगळे करून पाहिले.

"काय केलंत याचं?"

"म्या? काय बी न्हाई. दर सकाळी हळद-कुंकू वाहिलं, आन् हात फिरवला. तिच्या तोंडावरून फिरवायचे, तसा. सव्वा वरीस."

म्हणजे तिच्याच बोटांनी ते पुसले होते. हे तिला कसे सांगावे, ते मला सुचेना. पण ती माझ्याकडेच पाहत होती आणि तिला ते कळले. ती खाली बसली.

"शेवटचं पान तेवढं काट्याचं हाय," ती म्हणाली. "त्ये बसलं न्हाई. त्याला भोकं हायेत."

मग तिने जे सांगितले ते मी सरळ सांगतो. पौषात कळप फिरून पुन्हा गंगेच्या, म्हणजे आमच्याकडच्या नदीच्या, काठच्या तळावर आला आणि मेंढ्यांना रोग पडला. रोज दोन-तीन मरू लागल्या. तळावरचा म्हातारा आश्रुबा म्हणाला, ही पोरगी दिवसभर काहीतरी टोचत बसते. बिब्ब्याला टाचण्या टोचून करणी करतात, तसेच हे आहे. हिला तळावरून काढा. केवळाबाई घाबरली आणि तिने मुलीच्या हातातून टोचणी हिसकावून गंगेत फेकली. कडू रडली नाही. तिने अबोला धरला. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बाभळीच्या काट्याने टोचलेले एक पान आईच्या हातात दिले. आईने ते घडी करून कमरेला खोचले. रात्री कडूच्या अंगात ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मुलगी गेली.

"त्या पानात तिनं मला शिव्या दिल्या असतील, गुरुजी. शाप दिला असंल. जायच्या आदी लेकरानं मला काय म्हणलं, तेवढं सांगा. मंग मी तुमाला तरास देणार न्हाई."

"द्या ते पान. लगेच वाचतो."

तिने ते गुडघ्याखाली दाबले. "आता न्हाई. आदी तिचं सारं बोलणं ऐकते. हे शेवटाला."

"पण बाकीची पाने वाचता येत नाहीत, केवळाबाई. ठिपके गेले."

"कागदावरून गेले," ती म्हणाली. तिने डोळे मिटले आणि कोऱ्या कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "डाव्या कानाला वरचे दोन. उजव्याला वरचे दोन. मंग फकस्त उजव्याला, मधला आन् तळचा. मंग पुन्ना पहिल्यावानीच."

जात्यावरची ओवी जशी हातालाच पाठ होते, तशी ती पाने तिच्या बोटांना पाठ होती. तिला अक्षरे येत नव्हती. मला ठिपके दिसत नव्हते. मी तक्ता समोर घेतला.

"ग," मी म्हणालो. "त्यावर अनुस्वार. पुन्हा ग."

"मंग डाव्याला तळचा, उजव्याला वरचे दोन."

"आ. गंगा."

तिचे बोट थांबले. "गंगा," ती म्हणाली. "त्या दिशी गंगा वलांडली हुती आमी."

पाच बाजार ती येत राहिली. एका दुपारी एक पान. गंगा ओलांडली, पाणी बाच्या छातीला लागले. काळ्या मेंढीला दोन पिल्ले झाली, एकाचे कान पानासारखे. आई भाकरी थापते तेव्हा तिच्या बांगड्या किती आहेत ते मला ऐकू येते. असे असे ती मुलगी त्या खोलीत बोलत होती. आईच्या बोटांतून माझ्या तोंडात येत होती. माझा आवाज मला माझा वाटत नसे. ज्या आवाजाने मी आषाढापासून घाबरलो होतो, तो त्या दुपारी बंद असे. जणू लिहिणारी लिहायची थांबून ऐकायला बसली होती.

तिसऱ्या पानापासून केवळाबाई पुष्कळ अक्षरे माझ्या आधी म्हणू लागली. "आई" हा शब्द तिने आपण होऊन ओळखला आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

पाचव्या पानाची सुरुवात जूनच्या महिन्याने झाली. मग मुंबई आली.

"मुंबई कशाची?" तिने विचारले.

मी म्हणालो, असेल काही. पुढच्या ओळी ती सांगत गेली आणि मी कडूचे ते शब्द मनात आधीच वाचत होतो: माझ्या पायात काटा नव्हता. मी वाट बघत हुते.

"डाव्याला वरचे दोन, उजव्याला वरचे दोन," ती म्हणाली.

"घ," मी म्हणालो. "घर. तिला घराची आठवण येत होती."

केवळाबाईने डोळे उघडले.

"ह्यो गंगेतला हाय, गुरुजी."

"नाही, हा—"

"पहिल्या पानाव तुमीच सांगितलाव. ह्यो गंगेतला ग हाय. लबाडी कामून करायलाव?"

खिडकीबाहेर बाजारातून परतणाऱ्या बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. मी त्या बऱ्याच लांब जाऊ दिल्या. मग तक्त्याकडे न पाहता ते वाक्य पूर्ण वाचले: "गुरुजी बोलले न्हाईत."

आणि मी तिला सगळे सांगितले. पत्र, जून, राहण्या-जेवण्याची सोय, खिसा, रस्त्याची कडा, रामराम. एवढे लांब बोलणे मी मोठ्या माणसापुढे त्याआधी केले नव्हते. ती जमिनीकडे पाहत ऐकत होती.

"म्हंजी ती हितं ऱ्हायली असती."

"हो."

"तुमी बोलला असताव तरी तिच्या बानं ठिवली नसती," ती म्हणाली. मग पाने गोळा करता करता: "पर मी भांडले असते."

तिने पाने गुंडाळली आणि लोकरीचे गाठोडे तसेच विसरून ती निघून गेली.

पुढच्या बाजारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. मी मुलांना सोडून दाराकडे तोंड करून बसत असे. खिडकीखालचा आवाज परतला होता आणि आता मी मान वर केली तरी थांबत नव्हता.

वैशाखात ती आली. सावलीत बसली, पदराने तोंड पुसले. मला क्षमा केली का, हे तिने दाखवले नाही आणि मी विचारले नाही. तिने सहावे पान काढले. खिडकीतले ऊन त्यातून गेले आणि काट्याची भोके शेणाने सारवलेल्या जमिनीवर उजेडाचे ठिपके होऊन सांडली. मला ते एका नजरेत वाचता आले असते. मी तोंड भिंतीकडे फिरवले.

"तुमी वाचू नका," ती म्हणाली. "मी वाचते."

बोट कागदावरून सरकताना भोकांच्या कडा खरखरत होत्या. "आई," ती म्हणाली. मग बोट अडले. ते मागे गेले, पुन्हा आले.

"गुरुजी, ह्यो न्हाई आला आजून. डाव्याला वरचा एकच. उजव्याला तिन्ही."

मी भिंतीकडे पाहत तक्ता आठवला.

"थ."

"थ," ती म्हणाली. "मंग गंगेतलं टिंब. मंग कडूतला ड. मंग आईतली ई."

ती थांबली. मी ते जुळवू नये म्हणून दात घट्ट आवळले. पण अक्षरे ऐकणाऱ्याच्या परवानगीने जुळत नाहीत.

"थंडी," केवळाबाई म्हणाली.

तिचे बोट पुढे सरकत होते, खालच्या ओळीवर, त्याच्या खालच्या ओळीवर.

"सारं पान त्येच हाय. आई, थंडी. आई, थंडी. दुसरं काय बी न्हाई."

मी वळलो. तिचे डोळे कोरडे होते आणि ती कागदाकडे नव्हे, आपल्या हाताकडे पाहत होती.

"माझ्या हातात दिलं हुतं तिनं. ह्या हातात. बोलायचं न्हवतं म्हून लिवून दिलं. आन् म्या म्हणलं, लिव, किती शिव्या लिवायच्यात त्या लिव. पान कमरंला खोचलं आन् मेंढरं बघाया गेले. तिच्या अंगाला हात लावला असता तर..." तिने वाक्य सोडून दिले. "शाप दिला असता तर बरं झालं असतं, गुरुजी. त्यो सोसला असता."

बाहेर माळावर वावटळ उठली होती. पाचोळा दारापर्यंत येऊन पुन्हा मागे जात होता.

"ह्याला जबाब कसा लिवतेत?" तिने विचारले.

मी कपाटातून चौकट काढली. टोचणी गंगेत गेली होती. मी बोथट दाभण दिले. कागद कसा धरायचा, उजवीकडून कसे यायचे, कातरे उलट कसे पडतात, ते दाखवले. तिला आकडा किंवा जोडाक्षर नको होते. तिने तीनच खुणा टोचल्या, प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटून, मेंढीच्या कानाला कातरा देताना मिटतात तसे. मग कागद उलटा करून बोटाने तपासला.

"आ. ल. ए. आले," ती म्हणाली. "बरोबर हाय का?"

"बरोबर आहे."

"तिला पुरलं तितं नेऊन ठिवते. नदीच्या कडंला, बाभळीबुडी. तीन कोस आसंल." ती उठली, लुगड्याचा काष्टा नीट केला. "पर तिनं वाचलं का न्हाई, ते मला कसं कळायचं? मी तर लिवलेलं बी वरीसभर वळखलं न्हाई."

ती दारातून बाहेर पडली. बाहेर ऊन इतके पांढरे होते, की चार पावलांवर तिची आकृती पुसट झाली. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो होतो, तसाच. घशात तेच आले, ओळखीचे, गिळून टाकायला सोपे.

"केवळाबाई," मी हाक मारली. ती हाक माळावर कुठवर गेली कोण जाणे. दोन शेळ्यांनी माना वर केल्या. "थांबा. मी येतो."

ती थांबली नाही, पण हळू चालू लागली. मी शाळेला कडी घातली आणि तिच्या मागे निघालो.